पावकिलोच्या आत

हल्ली कोणी ड्रोन घ्यायचा म्हटला, की मित्रमंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कॅमेरा कितीचा?’ मोबाइल घेताना जी सवय लागली तीच येथेही चालू राहिली आहे. माझे मत थोडे निराळे आहे. नवशिक्याने पहिला प्रश्न विचारावा तो वजनाचा. दुसरा विचारावा, पावती मिळेल का, हा. कॅमेऱ्याचे त्यानंतर सवडीने पाहावे. हे मत आमच्या कट्ट्यावर कोणालाही पटलेले नाही, म्हणूनच ते येथे मांडण्याचे धाडस करतो आहे.

वजनाला एवढे महत्त्व का? पहिले कारण कायद्याचे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने जे ड्रोन नियम केले त्यांत ड्रोनचे वर्ग वजनावरून पाडले. २५० ग्रॅमपर्यंतचा तो ‘नॅनो’ आणि त्यापुढे दोन किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. नॅनो उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही आणि तृतीय पक्षाचा विमाही लागत नाही. मायक्रो केवळ हौसेसाठी उडवला तर परवान्यातून सुटका होते, विम्यातून होत नाही. म्हणजे सारा खेळ पावकिलोवर आला! वाण्याकडे पावकिलो शेंगदाणे तोलताना दोन दाणे इकडे-तिकडे झाले तर कोणी भांडत नाही. येथे मात्र दोन दाण्यांनी वर्ग बदलतो.

कारखानदारांनी हे बरोबर हेरले. चीनच्या डीजेआय कंपनीने २०१९ च्या अखेरीस ‘मॅव्हिक मिनी’ बाजारात आणला तो २४९ ग्रॅमचा. अमेरिकेतही नोंदणीची रेषा २५० ग्रॅमचीच. जपानात त्या वेळी ती २०० ग्रॅमची होती, म्हणून तेथे तोच ड्रोन लहान बॅटरी घालून १९९ ग्रॅमचा करून विकला. पुढे जून २०२२ मध्ये जपानने रेषा १०० ग्रॅमवर आणली आणि ती सगळी कसरत वाया गेली. तेव्हा २४९ हा आकडा काही निसर्गाने दिलेला नाही. तो कायद्याच्या उंबरठ्यावर टेकवलेला आहे, आणि उंबरठ्यावरची वस्तू सहज पलीकडे जाते. पंख्यांभोवती संरक्षक जाळी बसवली, की २५० ओलांडले. जास्त वेळ उडणारी मोठी बॅटरी घातली, की ओलांडलेच. ‘मिनी ३ प्रो’ मोठ्या बॅटरीसह २९० ग्रॅमच्या आसपास जातो. नियम वजन मोजतो ते अंगावरच्या सगळ्या सामानासकट. दुकानात खोक्यावरचा आकडा न वाचता यंत्र काट्यावर ठेवायला सांगावे. दुकानदार हसेल. हसू द्यावे.

दुसरे कारण अधिक साधे आहे. नवशिक्याचा ड्रोन पडतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. सायकल शिकताना कोण पडले नाही? परंतु सायकलवरून पडणारा स्वतः पडतो आणि ड्रोन दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. तेवढ्याच वेगाने येणारी एक किलोची वस्तू पावकिलोच्या वस्तूपेक्षा चौपट जोर घेऊन येते, हे सांगायला विज्ञान शाखेतला माणूस नको. पावकिलोनेही डोळा जाऊ शकतो, हे खरेच. म्हणून माझा आग्रह असा, की हाताची ओळख होईपर्यंत त्याहूनही हलके, शंभर ग्रॅमच्या आतबाहेरचे खेळण्यासारखे यंत्र घेऊन छपराखाली सराव करावा. आपला व्यायामशाळेचा हॉल दुपारी रिकामाच असतो. रायझ कंपनीचा २०१८ सालचा ‘टेलो’ अवघ्या ८० ग्रॅमचा होता आणि तेरा मिनिटे उडत असे. चित्र साधारणच, पण उजवे-डावे समजायला तेवढे पुष्कळ. ड्रोनचे तोंड आपल्याकडे वळले, की आपला उजवा हात त्याचा डावा होतो. ही एक गोष्ट बोटांत मुरायला आठवडा जातो. तो आठवडा महागड्या यंत्रावर काढू नये.

हलकेपणाचे तोटे नाहीत असे मी म्हणत नाही. यवतेश्वरच्या किंवा कासच्या कड्यावर ज्याने दुपारी टोपी सांभाळली आहे त्याला वारा म्हणजे काय ते ठाऊक आहे. कड्याखालून वर चढणारा वारा पावकिलोच्या यंत्राला काडीसारखा ढकलतो. जाताना वारा पाठीशी असला म्हणजे आपल्याला वाटते, काय छान पळतो आहे! परतताना तोच वारा समोरून येतो आणि बॅटरीचा आकडा भराभर उतरू लागतो. म्हणून जाणे वाऱ्याच्या तोंडावर असावे आणि येणे वाऱ्याबरोबर. कंपनी जी तीस मिनिटे छापते ती वारा नसताना, ठरावीक संथ वेगाने मोजलेली असतात. आपल्या वाट्याला वीस आली तर भरून पावलो म्हणावे. शिवाय एवढेसे यंत्र दोन-तीनशे मीटरवर गेले, की त्याचा ठिपका होतो आणि मग तो दिसेनासा होतो. जाहिरातीतली ‘दहा किलोमीटर पल्ला’ ही भाषा मला तरी निरुपयोगी वाटते. जे डोळ्यांना दिसत नाही ते उडवायचेच नाही.

आणि पल्ला हवा कोणाला? आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ड्रोन कशासाठी हवा, ते सांगतो. साताऱ्याजवळच्या लिंब गावी बारा मोटेची विहीर आहे. अष्टकोनी विहीर, तिला जोडलेला पायऱ्यांचा लांब मार्ग, वर मोटा चालवायची जागा. काठावर उभे राहिले, की एका वेळी एकच बाजू दिसते. तिचा सबंध आकार शिवपिंडीसारखा आहे हे आपण ऐकतो, पण पाहत नाही. सरळ वरून, तीस-चाळीस मीटरवरून घेतलेले एक छायाचित्र हे काम करते. त्याला लागतात पाच मिनिटे, शांत सकाळ आणि जागचा न हलणारा कॅमेरा.

हा न हलणारा कॅमेराच महत्त्वाचा. बाजारात चार-पाच हजारांत ‘४के’ असे ठळक छापलेली खोकी मिळतात. त्यांतल्या बहुतेकांचा कॅमेरा यंत्राच्या पोटाला नुसता चिकटवलेला असतो. यंत्र थरथरले, की चित्रही थरथरते. कॅमेऱ्याला तीन दिशांनी सावरून धरणारा झुला, ज्याला गिंबल म्हणतात, तो आहे का हे पाहावे. जीपीएस आहे का आणि संपर्क तुटल्यास यंत्र निघाल्या जागी परत येते का, हे पाहावे. हे नसेल तर ‘४के’ म्हणजे हलत्या एस. टी.तून काढलेल्या सुंदर अक्षरासारखे आहे.

आता पावतीविषयी. येथे मात्र विनोद संपतो. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी सरकारने परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनची आयात बंद केली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना सवलत राहिली, तसेच सुटे भाग आणायला मोकळीक राहिली. हेतू चांगला होता. देशी उद्योग वाढावा. तो वाढतोही आहे. ‘थ्री इडियट्स’ (२००९) मधला वसतिगृहाच्या खिडकीपाशी उडणारा ड्रोन ज्यांनी बनवला त्या आयडियाफोर्जचे संस्थापक आपल्या मुंबईच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी होते. पण आज हा उद्योग पाहतो तो लष्कराकडे, मोजणीकडे, शेतीच्या फवारणीकडे. पावकिलोच्या आतले चांगला झुला असलेले यंत्र विद्यार्थ्याला परवडेल अशा किमतीत देण्याची घाई कोणाला दिसत नाही. म्हणजे एका नियमाने विद्यार्थ्याला परवाना माफ केला आणि दुसऱ्याने दुकानाचे दार लावून घेतले. मग मागच्या दाराने माल येतो.

माझ्या एका मित्राच्या थोरल्या भावाने लग्नांच्या चित्रणासाठी असाच एक घेतला. पन्नास हजारांच्या घरात रक्कम गेली, त्यातली निम्मी पतपेढीची. पावती नाही. चौथ्या महिन्यात मोटर बिघडली, तेव्हा दुरुस्तीला कोणी हात लावीना आणि विकणाऱ्याचा फोन लागेना. कर्जाचे हप्ते मात्र वेळेवर लागतात. चित्र सुरेख येत होते, हे तोही कबूल करतो. माझे मत कठोर वाटेल, पण बिनपावतीचे उत्तम यंत्र घेण्यापेक्षा पावतीचे मध्यम यंत्र घ्यावे, आणि तेही परवडत नसेल तर घेऊच नये. आपल्यापैकी बहुतेकांचे पन्नास हजार म्हणजे वडिलांचे पन्नास हजार असतात.

हलक्या यंत्राची आणखी एक बाजू आहे. त्याचा आवाज कमी. विकणारा हे गुण म्हणून सांगतो. मामाच्या गावी एका वयस्कर बाईंनी मला विचारले होते, ‘बाळा, ह्यात आमची न्हाणी दिसती का रं?’ त्यांच्या न्हाणीला छप्पर नव्हते, तीन बाजूंनी पत्रा आणि चौथीला लुगड्याचा पडदा. मी ‘दिसते’ म्हणालो, कारण दिसतेच. २०२४ च्या जून-जुलैमध्ये मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून गावेच्या गावे काठ्या घेऊन जागली. त्यांत अफवा किती होती ते असो, भीती खरी होती. तेव्हा गावात उडवण्याआधी सरपंचांना आणि पोलीस पाटलांना सांगणे हे नियमांच्या पुस्तकात असो-नसो, मला आवश्यक वाटते. विमानतळाजवळचे पिवळे-तांबडे पट्टे सरकारी नकाशावर पाहता येतात. न्हाणी नकाशावर नसते. गडकोटांचे तर विचारूच नका. संरक्षित स्मारकावर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीविना उडवता येत नाही, आणि ‘सर, फक्त २४९ ग्रॅमचाच आहे’ हे उत्तर तेथे चालत नाही.

यावरून माझी प्राचार्यांना आणि भूगोल व इतिहास विभागांच्या प्राध्यापकांना विनंती आहे. भूगोल विभागाच्या कपाटात डंपी लेव्हल आहे, प्लेन टेबल आहे. ती कोणा विद्यार्थ्याने घरून आणलेली नाहीत. त्याच कपाटात पावकिलोच्या आतला, पक्क्या पावतीचा एक ड्रोन यावा, तीन बॅटऱ्यांसह, आणि सोबत एक नोंदवही : कोणी नेला, कोठे उडवला, कोणाला विचारून, किती वेळ, काय मोडले. पंखे मोडतील, त्यांचा खर्च मोडणाऱ्याने द्यावा. एकेकट्याने पतपेढी गाठण्यापेक्षा हे बरे.

मंजुरी मिळाली, तर पहिले नाव लिंबच्या विहिरीचे लिहावे. ग्रामपंचायतीकडे आणि पुरातत्त्व खात्याकडे करायचे अर्ज मी लिहून देतो. माझे अक्षर बरे आहे.