शेल्डनचा थोरला भाऊ

मंडळी, या वयात मी इंग्रजी विनोदी मालिका बघते म्हटल्यावर काहीजण हसतील. हसू द्या. नातवाने 'यंग शेल्डन'चा पहिला भाग लावून दिला आणि खालची अक्षरं वाचत वाचत मी तो पुरा बघितला. उच्चार निम्मे कळले नाहीत, पण मुलं आणि मास्तर कुठल्याही देशातले असोत, मला कळतात. छत्तीस वर्षं तेच तर केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'द बिग बँग थिअरी' नावाची एक अमेरिकन मालिका २००७ ते २०१९ अशी बारा वर्षं चालली. त्यात शेल्डन कूपर नावाचा एक अतिहुशार आणि तितकाच विक्षिप्त शास्त्रज्ञ होता. लोकांना तो इतका आवडला की त्याच्या लहानपणावर वेगळी मालिका निघाली. तिचा पहिला भाग २५ सप्टेंबर २०१७ ला दाखवला गेला आणि ती २०२४ पर्यंत चालली. मोठ्या शेल्डनचं काम करणारे जिम पार्सन्स इथे मुख्यतः आवाजाने आहेत, ते आपल्याच बालपणाची गोष्ट सांगतात.

दोन्ही मालिकांत एक फरक आहे. जुनी मालिका प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायची, त्यामुळे शेल्डन काही बोलला की मागून हशा ऐकू येई. नव्या मालिकेत हशा नाही. नऊ वर्षांचं पोर तेच तसलं बोलतं आणि मागे सगळं शांत. हसायचं की नाही हे आपलं आपण ठरवायचं. मला बऱ्याच ठिकाणी हसू आलं, आणि काही ठिकाणी अजिबात आलं नाही.

गोष्ट १९८९ सालची, टेक्सासमधल्या एका छोट्या गावातली. शेल्डन नऊ वर्षांचा, आणि त्याला थेट नववीत बसवतात. त्याच नववीत त्याचा थोरला भाऊ जॉर्जी आहे! घरी जुळी बहीण मिसी आहे, ती आपल्या वयाच्या वर्गात. पहिल्याच दिवशी शेल्डन वर्गात उभा राहून पोशाखाचे नियम कोण कोण मोडतंय ते सांगतो. परिणाम व्हायचा तोच होतो. सगळे शिक्षक मुख्याध्यापकांकडे जातात, म्हणतात हे मूल आम्हाला नको.

इथे माझ्यातली बाई जागी झाली. अहो, एवढ्या शिक्षकांपैकी एकालाही असं वाटू नये की या पोराला एखादं अवघड गणित घालून बघू? तक्रार करायला सगळे, पण फळ्यावर त्याच्यासाठी दोन ओळी लिहायला एकही नाही. पुढे त्याला विद्यापीठातले प्राध्यापक भेटतात म्हणे, पण नववीच्या वर्गात त्याचा काय उपयोग?

मला तेव्हा डॉ. जयंत नारळीकरांचे मोरूमामा आठवले. नारळीकरांनी 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात आणि इतरत्रही ही आठवण सांगितली आहे. वडील बनारसला गणिताचे प्राध्यापक, घरी मुलांसाठी भिंतीवर फळे. मोरेश्वर हुजुरबाजार हे मामा शिकायला त्यांच्या घरी राहिले होते. ते फळ्यावर एखादं कोडं किंवा गणित लिहून ठेवत, वर आव्हान म्हणून भाच्याचं नाव. ते सुटेपर्यंत फळ्यावरच राहायचं. ना शिकवणी, ना ओरडा. मुलगा येता-जाता बघणार आणि डोकं खाजवणार. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांच्या विश्वाच्या सिद्धांतांबद्दल भरभरून लिहून आलं. मला मात्र तो फळा आठवत राहिला. हुशार मुलाला वरच्या वर्गात ढकलणं सोपं, एका कागदावर सही केली की झालं. त्याच्यासाठी रोज नवं गणित शोधणं अवघड, कारण ते मोठ्या माणसाला करावं लागतं.

आता आमच्या कोयनानगरचं सांगते. धरणाच्या वसाहतीत इंजिनियरांची मुलं आणि डोंगरातल्या वस्त्यांवरची मुलं एकाच बाकावर बसायची. दोन भाऊ होते, थोरला नववीत, धाकटा सातवीत. धाकट्याला थोरल्याचं बीजगणित तोंडी येई. तेव्हा चौथी आणि सातवीला स्कॉलरशिपची परीक्षा असायची आणि पोरगा नक्की काढणार अशी सगळ्यांची खात्री होती. दोन-तीन जणांनी टूम काढली, याला एकदम नववीतच बसवू या. वडिलांना बोलावलं. प्रकल्पावर मजूर होते ते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, म्होरं न्या त्याला, पर थोरल्याच्या वर्गात नगं. घरात कंदील एकच हाय."

कोयनेची वीज घाटाखाली पोफळीला तयार होऊन लांब लांब जायची आणि या दोघांना एका कंदिलाखाली अभ्यास करायचा असायचा. त्या उजेडात कुणी कुणाला कमी ठरवायचं नाही, एवढंच त्या माणसाचं म्हणणं होतं. धाकटा सातवीतच राहिला. गणिताच्या सरांनी त्याला वेगळी वही केली, रोज एक गणित त्याच्यापुरतं. आज तो पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, थोरला पाटणला दुकान चालवतो. गणपतीत दोघं अजून एका घरात असतात. कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

कुणी म्हणेल, बाई, म्हणजे हुशार मुलाला मागे धरून ठेवायचं का? मुळीच नाही. कंटाळलेलं हुशार मूल वाया जाऊ शकतं, मी बघितलंय. पण त्याला पुढे नेणं आणि त्याला त्याच्या वयाच्या मुलांतून उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६२ साली आप्पा पेंडशांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी काढली, ती अशाच मुलांसाठी. सुरुवातीला वेगवेगळ्या शाळांतली निवडक मुलं आपल्या शाळेत शिकत आणि उरलेल्या वेळात प्रबोधिनीत येत. स्वतंत्र प्रशाला १९६९ ला निघाली. ही जोडणी मला पटते, आपला वर्ग आपला राहतो आणि भूक दुसरीकडे भागते.

आणि पोशाखाच्या नियमावर अडून बसणाऱ्या शेल्डनला त्या भागात समजून कोण घेतं? वडील. फुटबॉल शिकवणारा साधा माणूस, मुलाचं विज्ञान त्याच्या डोक्यावरून जातं. पण आधीच्या गावात नियम मोडून खेळाडू घेतले जात होते ते याने सांगितलं आणि त्यात याचीच नोकरी गेली. खरं बोलल्याची किंमत काय असते हे या घरात त्याला ठाऊक आहे. मुलाची बुद्धी कळली नाही तरी मुलगा कळू शकतो, हे त्या लेखकांनी छान पकडलंय. नियम सांगणाऱ्या पोरावर हसणारे आपण तिथे थोडे ओशाळतो.

पण माझा जीव अडकला तो जॉर्जीत. धाकट्या भावाबरोबर एका वर्गात बसायची लाज त्याने कुणाला सांगायची? घरातली सगळी चर्चा शेल्डनची. मिसीला तर कुणी काही विचारतच नाही. गंमत बघा, २०२४ च्या ऑक्टोबरात या जॉर्जीवरच वेगळी मालिका सुरू झाली, त्याच्या संसाराची. वडील गेलेले आहेत, हा टायरच्या दुकानात काम करतोय. सात वर्षं कडेला उभ्या असलेल्या पोराची शेवटी कुणाला तरी आठवण झाली!

आपल्याकडेही स्कॉलरशिपचा निकाल लागला की एकाचा फोटो पेपरात येतो. पेढे वाटले जातात, ते पेढे घरोघर पोचवायला भावंडाला पाठवतात. त्या भावंडाला कुणी विचारतं का, बाळा, तुला काय येतं?

तुमच्या वर्गात किंवा तुमच्या घरात असा एखादा शेल्डन असेलच. त्याच्याबद्दल तुम्ही पुष्कळ सांगाल, मला माहीत आहे. या खेपेला त्याच्या शेजारी कोण बसायचं ते सांगा.