रबाईचे उघडे दार

दौलताबाद-खुलदाबादची सहल केलेल्या मुलांना मलिक अंबर नक्कीच माहीत असतील. हबशी देशातून गुलाम म्हणून आलेला एक मुलगा पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. त्यांची कबर खुलदाबादला आहे. मलिक अंबर यांच्याविषयी मला आदर आहे. तरीही महाराष्ट्रात वाढलेला दुसरा एक आफ्रिकी माणूस मला त्यांच्याहून मोठा वाटतो. त्यांचे नाव विल्यम जोन्स.

जोन्स लहानपणी पूर्व आफ्रिकेत गुलाम झाले. त्या काळी इंग्रजांचे आरमार गुलामांची जहाजे अडवून मुलांना सोडवीत असे. त्यांपैकी काहींना नाशिकजवळ शरणपूर येथे ठेवीत. मिशनऱ्यांनी वसवलेल्या या वस्तीत मुले लिहायला-वाचायला शिकत, सुतारकाम व लोहारकामही शिकत. जोन्सही तेथेच शिकले. नाशिकला शरणपूर रस्ता आजही आहे. रिक्षात बसताना आपण ते नाव सहज घेतो, पण कोणाला कोणी शरण दिली, हे विचारीत नाही.

१८६४ मध्ये जोन्स आफ्रिकेत परतले. मोंबासाजवळच्या रबाई या गावी मिशनचे ठाणे होते. पुढे ते त्यांच्याकडे आले. मालकांच्या मळ्यांतून पळालेले गुलाम तेथे येऊ लागले. तेव्हा त्या मुलखात गुलामी कायदेशीर होती. पळालेल्याला आसरा देणे म्हणजे दुसऱ्याचा माल लपवणे! मिशनच्या वरिष्ठांचीही मनाई होती. जोन्स यांनी मात्र दार लावले नाही. लोक येत राहिले, झोपड्या बांधून शेती करू लागले.

जोन्स यांनी नियम मोडला, साऱ्या गावाला संकटात टाकले, असे कोणी म्हणेल. संकट खरेच होते. मालक चिडले होते, हल्ल्याच्या धमक्या येत होत्या. पण जो स्वतः गुलाम होता, त्याने दारातल्या माणसाला ‘परत जा’ कोणत्या तोंडाने सांगावे? मला तरी जोन्स यांचेच बरोबर वाटते.

अखेर १८८८ मध्ये प्रकरण विकोपाला गेले. तेव्हा इंग्रज व्यापारी कंपनीचे अधिकारी मॅकेन्झी यांनी मालकांना पैसे देऊन तडजोड केली. १ जानेवारी १८८९ रोजी रबाई आणि आसपासच्या मिशनांतील सुमारे १,४०० माणसांना मुक्ततेचे कागद मिळाले.

पैसे मालकांना मिळाले. ज्यांनी राबून मळे पिकवले, त्यांच्या हाती फक्त कागद आला. हा हिशोब मला अजून पटत नाही.