शांततेचे बिल कोणाच्या नावावर?

पावसाळा आला की उल्हासनगर-अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत सोसायट्यांच्या आवारात गवत गुडघ्याला लागते आणि रविवारी सकाळीच पेट्रोलवरचा ग्रासकटर घरघरू लागतो. आपण खिडकी लावून घेतो. यंत्र खांद्याला अडकवलेल्या माळीदादांनी काय लावून घ्यावे?

यातले बरेच कटर टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे. त्यातले काही न जळताच धुराबरोबर बाहेर पडते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली; या यंत्राचा आवाज माळ्याच्या कानाशी नव्वदीही ओलांडतो. बॅटरीच्या कटरला धूर नाही, आवाजही बराच कमी. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ पासून बनणाऱ्या बागेच्या यंत्रांतून धूर हद्दपार केला.

अडचण एकच. ओल्या, दाट गवतात बॅटरी लवकर उतरते. दिवसभराच्या कामाला जोडबॅटरी हवी, आणि ती महाग. ठरावीक रकमेवर काम करणाऱ्या माळ्याने ती कुठून आणावी?

म्हणून मला वाटते, यंत्र सोसायटीने घ्यावे आणि चार्जिंग वॉचमनच्या केबिनमध्ये करू द्यावे. लिफ्ट, पंप यांचा खर्च आपण वाटून घेतोच ना? शांतता आपल्याला हवी. मग तिचे बिल माळ्याच्या नावावर का?