व्याख्यानपीठाचे गायरान

विद्यापीठांतील जाहीर व्याख्यानांना अवकळा आली आहे, ही तक्रार मराठीत वरचेवर ऐकू येते आणि तिचे खापर बहुधा श्रोत्यांच्या माथी फोडले जाते. श्रोत्यांना गंभीर विषय नको असतात, असे एकदा म्हटले की व्यासपीठ निर्दोष ठरते. ही तक्रार सोयीची आहे, खरी नाही.

मुळात विद्यापीठीय व्याख्यान सार्वजनिक होते तरी कितपत? डॉ. जॉन विल्सन यांच्या नावाने मुंबई विद्यापीठात स्थापन झालेल्या भाषाशास्त्रीय व्याख्यानपीठावरून रा. गो. भांडारकरांनी १८७७ मध्ये सात व्याख्याने दिली. संस्कृतापासून पाली-प्राकृतांच्या वाटेने आजच्या देशी भाषा कशा घडत आल्या, याचे ते अव्वल दर्जाचे विवेचन होते. पण ते झाले इंग्रजीत. ज्या रूपांची चिकित्सा चालली होती ती ज्याच्या तोंडी रोज होती, तो माणूस सभागृहाबाहेरच राहिला. या व्याख्यानांचा ग्रंथ निघाला तो १९१४ मध्ये, तोही इंग्रजीच. भांडारकरांना यात दोष देण्याचे कारण नाही. देशी भाषांना उच्च परीक्षांतून वगळणाऱ्या आणि त्या परत याव्यात म्हणून रानड्यांना झगडायला लावणाऱ्या विद्यापीठाकडून निराळे काही होणे नव्हते. त्याच रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली होती. म्हणजे शास्त्र एका मांडवात आणि श्रोते दुसऱ्या, ही वाटणी आरंभीच झाली. पुढे विद्यापीठांनी ती मोडली तर नाहीच. उलट तिलाच ‘दर्जा’ हे नाव दिले.

या दर्जाची किंमत काय असते, हे मराठी मुलखाबाहेरच्या एका शब्दाच्या इतिहासावरून ताडता येते. तो शब्द म्हणजे तमिळमधील ‘पोरंबोक’. महसुली परिभाषेत याचा अर्थ सारा-आकारणीबाहेरची, सर्वांच्या वापराची जमीन: तळ्याचा काठ, नदीचे पात्र, चराईचे रान, मिठागराची कड. कालांतराने याच शब्दाची शिवी झाली. ‘पोरंबोक’ म्हणजे कुचकामी, वाया गेलेला माणूस. ज्या जमिनीतून सरकारला सारा मिळत नाही ती निरुपयोगी, हा महसूल खात्याचा न्याय भाषेने माणसालाही लावला. मराठीला यात नाक मुरडण्याचा अधिकार नाही. ‘गावठी’ या शब्दाचे तिने काय केले, ते सर्वांना ठाऊक आहे.

हा शब्द पुन्हा चर्चेत आला तो चेन्नईच्या उत्तरेस, एन्नोरच्या खाडीकाठी. कोसस्थलैयार नदी जिथे समुद्राला मिळते त्या या खाडीवर मच्छीमारांच्या पिढ्या जगल्या. पुढे औष्णिक वीजकेंद्रांची राख तिच्यात साचत गेली, बंदरे आली, भराव पडले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर तेलही तिच्यात पसरले. त्याआधीच, जानेवारी २०१७ मध्ये, टी. एम. कृष्णा यांनी याच खाडीवर उभे राहून कबेर वासुकी यांचे ‘पोरंबोक’ हे गीत गायिले. शब्दाचा जुना अर्थ काय होता, तो कसा आणि कोणाच्या सोयीसाठी नासला, हे त्या गीताने सांगितले.

नीट पाहिले तर हा विषय भाषाशास्त्राच्या व्याख्यानपीठाचा आहे. अर्थापकर्षाचे याहून नेमके उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणे कठीण. मद्रास विद्यापीठ १८५७ चे, मुंबईच्याच वयाचे. त्याचे चेपॉकमधील सिनेट हाऊस आणि एन्नोरची खाडी एकाच किनाऱ्यावर आहेत. तरीही हा शब्द लोकांपर्यंत नेला तो एका गवयाने, कोणा अध्यापकाने नव्हे. यावर ठरलेला आक्षेप असा, की गीत भावना चेतवते, व्याख्यान विचार देते. रस्त्याच्या भाषेत शास्त्र सांगू गेल्यास ते पातळ होते. या आक्षेपाचे उत्तर त्या गीतातच आहे. त्याची बोली चेन्नईच्या रस्त्यावरची आहे, बांधणी मात्र कर्नाटक संगीतातील रागमालिकेची. बोली रस्त्यावरची म्हणून राग पातळ झाले नाहीत. मग मराठीत बोलताना प्राध्यापकांचेच शास्त्र तेवढे पातळ का व्हावे? (की ते आधीच पातळ असते आणि परिभाषेच्या दाट सायीखाली झाकले जाते?)

जाहीर व्याख्यान हे विद्यापीठाचे गायरान आहे. परीक्षा, पदवी, श्रेयांक यांच्या हिशेबाबाहेरची ती जागा आहे. तिथे कोणीही यावे, बसावे, प्रश्न विचारावा. हिशेबाबाहेरची म्हणूनच ती आज पडीक समजली जाते आणि तिच्यावर अतिक्रमणे होतात. सत्कार, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय आणि आभारप्रदर्शन यांत तासातील निम्मा वेळ जातो. व्याख्यात्याला घाई करण्याविषयी चिठ्ठी येते आणि प्रश्नोत्तरे ‘वेळेअभावी’ गाळली जातात. गाळायचेच असेल तर आभारप्रदर्शन गाळावे. प्रश्न विचारणाऱ्याला अर्धा तास राखून ठेवावा, त्याच्या बोलीत विचारू द्यावे आणि वक्त्याने त्याच बोलीत उत्तर द्यावे. व्याख्यान छापताना ही प्रश्नोत्तरेही छापावीत. १८७७ च्या त्या सात व्याख्यानांच्या ग्रंथातून भांडारकरांचा शब्द कळतो. त्यांना मराठीत कोणी काय विचारले असते, याची नोंद असण्याची सोयच तेव्हा नव्हती. आज ती आहे.