डोळ्याची बाहुली काय सांगते?



राळेगाव तालुका म्हणजे कपाशीचा पट्टा. पऱ्हाटी छातीला लागली की फवारणीच्या रोजीने जाणारी माणसे गावोगावी दिसतात. २०१७ सालच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत, अशा स्थितीत विष अंगावर आणि श्वासात गेले.

अशा रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या नातेवाईकांना एक गोष्ट घाबरवते. आणताना रुग्णाच्या डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक असतात. इंजेक्शने सुरू झाली की त्याच बाहुल्या मोठ्या होतात. "औषध जास्त झाले काय?" अशी शंका मनात येते. म्हणून बाहुलीचे शास्त्र समजून घेऊ.

बुबुळाच्या मधोमध दिसणारा काळा ठिपका म्हणजे बाहुली. ते उजेड आत जाण्याचे छिद्र आहे. लख्ख उजेडात ते साधारण २ ते ४ मिलिमीटर असते, अंधारात ४ ते ८ मिलिमीटरपर्यंत रुंदावते. हे काम आपल्या इच्छेवर चालत नाही. हृदयाचे ठोके, घाम, लाळ, आतड्यांची हालचाल यांच्याप्रमाणेच बाहुलीचा कारभारही स्वायत्त मज्जासंस्थेकडे असतो. तिच्या दोन शाखा आहेत. एक संकटाच्या वेळी शरीराला सज्ज करते, तेव्हा छाती धडधडते आणि बाहुली मोठी होते. दुसरी विश्रांती आणि पचन सांभाळते, ती बाहुली लहान करते. हा तोल बिघडला की त्याची खूण डोळ्यात दिसते.

कपाशीवरील बरीच कीटकनाशके सेंद्रिय फॉस्फरस गटातील असतात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही त्यांतली नावे. ही विषे दुसऱ्या शाखेचा लगाम काढून घेतात. मग लाळ गळते, दरदरून घाम फुटतो, उलट्या-जुलाब होतात, छातीत कफ भरतो, अंधुक दिसते आणि बाहुल्या बारीक होतात. त्यावर ॲट्रोपिन हे औषध देतात. ते या शाखेला आवरते. त्यामुळे छाती मोकळी होते, तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात. म्हणजे उपचारात मोठी झालेली बाहुली ही बहुधा औषध लागू पडल्याची खूण असते. रुग्ण फारच बडबडू लागला, ताप चढला, तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगावे.

हेच ॲट्रोपिन बांधावरच्या धोत्र्यातही असते. मुलाने धोत्र्याचे बी खाल्ले, तर बाहुल्या मोठ्या होतात, तोंड सुकते, अंग लाल आणि गरम होते, मूल असंबद्ध बोलते, हवेत काहीतरी पकडू पाहते. याला लोक "बाहेरची बाधा" म्हणतात आणि मांत्रिकाच्या दारात मोलाचे तास घालवतात. ही बाधा बियांची आहे, भुताची नाही. मुलाला सरळ दवाखान्यात न्यावे.

एकच बाहुली मोठी दिसत असेल तर? डोक्याला मार लागल्यावर असे झाले, सोबत ग्लानी, उलटी किंवा तीव्र डोकेदुखी असेल, तर क्षणाचाही उशीर नको. मात्र काही तरुण स्त्रियांत एक बाहुली हळूहळू मोठी होते आणि उजेडाला सावकाश आकुंचन पावते. १९३० च्या दशकात डॉ. विल्यम एडी यांनी वर्णिलेला हा विकार बहुधा जिवावर बेतत नाही. तरी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. त्यात त्या मुलीचा काही दोष नाही, अपशकुन तर मुळीच नाही. डोळे तपासताना घातलेल्या थेंबांनीही बाहुली काही तास मोठी राहते.

फवारणीहून आलेल्या माणसाला घाम, लाळ, मळमळ, अंधुक दिसणे यांपैकी काही असेल, तर बाहुली बारीक दिसायची वाट पाहू नका. आधी त्याला शेतातून दूर आणा, कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. धुणाऱ्याने हातात प्लास्टिकची पिशवी तरी घालावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, त्याला कुशीवर वळवा. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या, कारण डॉक्टरांना नाव कळले की उपचार लवकर सुरू होतात. बाटलीवरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष.

फवाऱ्याचे कपडे घरातल्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. आणि मालकाकडे मोजे, तोंडाचे आवरण मागताना संकोच करू नये. रोजी एका दिवसाची असते, पण तिच्यावर घर अवलंबून असते.