राहिलेले भाग

संध्याकाळचे साडेसहा. रमजानमधले कोणतेही घर. स्वयंपाकघरातल्या बाईचा एक हात कढईतली भजी उलटतो आहे, दुसरा सरबत ढवळतो आहे आणि कान अजानकडे लागले आहेत. पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. भाजीत मीठ पडले आहे ते अंदाजाने. अजान झाली की खजूर तोंडात टाकून रोजा सोडायचा, मगरिबची नमाज पढायची, पुरुष मंडळी मशिदीतून परतली की चहा टाकायचा, दस्तरखान आवरायचा आणि लगेच रात्रीच्या जेवणाला लागायचे. इशाच्या नमाजनंतर तरावीह असते; त्याआधी ज्यांना जेवायचे त्यांची ताटे तयार हवीत. या धावपळीत साडेसात वाजतात आणि शेजारच्या घरातून मालिकेचे शीर्षकगीत ऐकू येते.

मराठी वाहिन्यांचा सगळा डोलारा संध्याकाळी सात ते साडेदहा या साडेतीन तासांवर उभा आहे. जाहिराती वगळल्या तर वीस-बावीस मिनिटांची गोष्ट, आणि ती जिला समोर ठेवून लिहिली जाते ती म्हणजे दिवसभर राबून आता कुठे टेकलेली गृहिणी. ‘आई कुठे काय करते!’ ही मालिका डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि जवळपास पाच वर्षे चालली. घरासाठी खपणाऱ्या आणि तरीही हिशेबात न धरल्या जाणाऱ्या बाईची ती गोष्ट होती. वेळ संध्याकाळी साडेसातची. २०२१ चा रमजान एप्रिल-मेमध्ये आला. ज्या बाईची ही गोष्ट होती, ती त्या अर्ध्या तासात कुठे काय करत होती, हे वेगळे सांगायला नको.

अनेक मुस्लिम घरांत रमजानचा चाँद दिसला की टीव्ही बंद होतो. कुठे त्यावर चादर टाकतात, कुठे त्या महिन्याचे रिचार्जच करत नाहीत. या रिवाजाची टिंगल करण्याचे कारण नाही. रोजा केवळ पोटाचा नसतो. डोळ्यांचा, कानांचा आणि जिभेचाही असतो, असे लहानपणापासून शिकवले जाते. कुरआनाचे तीस पारे महिन्याभरात वाचून व्हावेत अशी इच्छा असते, आणि रोजच्या एका पाऱ्याला वेळ काढायचा तर तो कशातून तरी काढावा लागतो. श्रावणात मांसाहार सोडणाऱ्या, चातुर्मासात एखादी आवडती गोष्ट वर्ज्य करणाऱ्या शेजाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या आवडीची गोष्ट आपणहून बाजूला ठेवण्यात एक समाधान असते.

अडचण पुढे आहे. ज्या घरात मालिका बंद होते, त्याच घरात मार्च-एप्रिलच्या रमजानमध्ये आयपीएलचा सामना सुरू असतो. तोही साडेसातलाच. तरावीहला निघेपर्यंत पहिली काही षटके पाहून होतात आणि नमाज आटोपून, चौकात चहा घेऊन परतेपर्यंत शेवटची चार-पाच षटके शिल्लक असतातच. कोणी विचारलेच तर उत्तर तयार असते : मॅच म्हणजे काही नाचगाणे नव्हे. चौकार-षटकारांवर मैदानात होणारे नाचगाणे बहुधा या हिशेबात धरत नाहीत. रात्री बातम्यांच्या वाहिन्यांवरची आरडाओरड चालते, मोबाइलवरची रील्स चालतात. बंद होते ती मालिका. म्हणजे घराने रमजानसाठी टीव्ही सोडला असे सांगितले जाते तेव्हा बरेचदा तो घरातल्या एकाच माणसाने सोडलेला असतो, आणि त्या माणसाकडे दिवसभरात करमणुकीचे दुसरे काही नसते. पुरुषाला चौक आहे, मशिदीच्या दारातल्या गप्पा आहेत, रात्रीचा बाजार आहे. तिला ती बावीस मिनिटे होती.

‘बायकांना सिरियलचे वेड’ हे वाक्य सगळ्याच धर्मांच्या घरांत सारख्याच सहजतेने उच्चारले जाते. मालिका फार चांगल्या असतात असे नाही. कारस्थानी जावा, हरवलेली मंगळसूत्रे, स्मृती गेलेले नवरे यांचा कोणालाही कंटाळा यावा. ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले, म्हणजे नावातले चार दिवस दहा वर्षांहून जास्त काळ पुरले. पण प्रश्न मालिकेच्या दर्जाचा नाही. थकलेल्या माणसाने वीस मिनिटे बसून काय पाहावे हे तपासण्याचा उत्साह क्रिकेटच्या बाबतीत कुठे जातो, हा आहे.

मागे राहिलेली गोष्ट पूर्वी कशी भरून निघायची, हे जुन्या मोहल्ल्यांतल्या बायकांना चांगले आठवते. तेव्हा मालिका एकदा हुकली की हुकली. फार तर दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण, आणि दुपारी वीज गेलेली. पण शेजारी काकू असायच्या. सकाळी नळाला पाणी आले की कंपाउंडच्या भिंतीशी दोघी उभ्या.

‘काकू, काल काय झालं हो?’

‘अहो भाभी, विचारू नका. तिनं सगळं ऐकलं ना दाराआडून!’

बावीस मिनिटांचा भाग काकू पाच मिनिटांत सांगत. त्यात संवाद असत, पात्रांचे आवाज असत, आणि दिग्दर्शकाने न घातलेली टीकाही असे. मुख्य म्हणजे जाहिराती नसत. काकूंना एखादे पात्र आवडत नसेल तर ते गोष्टीत फारसे येतच नसे. ईदच्या दिवशी शिरखुर्मा खायला काकू आल्या की महिन्याभराचा राहिलेला गोषवारा पुरा होई. एखाद्या भाभीने पुढे तीच मालिका पाहताना, ‘काकूंनी सांगितली होती तेव्हा जास्त छान होती,’ असे म्हटले असेल तर त्यात खोटे काही नाही.

या सांगण्याची दिशा एकदा उलटीही झाली. जून २०१४ मध्ये, रमजान सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, ‘जिंदगी’ ही वाहिनी सुरू झाली आणि पाकिस्तानी मालिका भारतातल्या घरांत आल्या. उमेरा अहमद यांनी लिहिलेली ‘जिंदगी गुलजार है’ मराठी घरांतही आवडीने पाहिली गेली. ती काही आठवड्यांत संपणारी होती, सासू-सुनेचे कारस्थान वर्षानुवर्षे ताणणारी नव्हती. आता काकूंना एखादा उर्दू शब्द अडे आणि त्या भिंतीशी येऊन अर्थ विचारत. भाभीने मालिका पाहिलेली नसे, कारण रोजे सुरू होते. काकू प्रसंग सांगत आणि भाभी त्यातल्या शब्दाचा अर्थ. २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर वाहिनीने त्या मालिका बंद केल्या.

रमजान आणि मालिका यांचे वैर सगळीकडेच आहे असा समज असेल तर तो कोकणातल्या घरांनी केव्हाच सोडला असेल. रत्नागिरी-रायगडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आखातात नोकरीला आहेत, आणि तिथे रमजान हा टीव्हीचा सर्वांत मोठा हंगाम असतो हे त्यांनी पाहिलेले आहे. अरब देशांतल्या वाहिन्या आपल्या उत्तम मालिका या महिन्यासाठी राखून ठेवतात. साधारण तीस भागांची मालिका, रोज एक भाग. महिना संपला की गोष्ट संपली. इजिप्तमध्ये ओसामा अन्वर ओकाशा यांनी लिहिलेली ‘लयाली अल-हिल्मिया’ १९८७ मध्ये सुरू झाली आणि कैरोतल्या एका जुन्या मोहल्ल्याच्या निमित्ताने देशाचा अर्ध्या शतकाचा इतिहास लोकांनी घरोघरी पाहिला. खुद्द सौदी अरेबियात १९९३ पासून ‘ताश मा ताश’ ही विनोदी मालिका रमजानमध्ये इफ्तारनंतर लागत असे आणि तिथल्याच समाजाची, नोकरशाहीची, कर्मठपणाची थट्टा करत असे. तिथल्या धर्मपंडितांनी तिच्यावर कडक टीका केली. लोक पाहत राहिले. तिथेही एका रात्री इतक्या मालिका असतात की सगळ्या पाहून होत नाहीत, आणि ईदनंतर राहिलेले भाग पुरे करण्याचा उद्योग चालतो. म्हणून तसेच इथेही व्हावे असे नाही. तिथला बाजार रमजानला जाहिरातींचा महिना करून बसला आहे, ही तिथल्याच लोकांची तक्रार आहे. पण टीव्ही बंद ठेवणे हा रिवाज आहे, आणि रिवाज ठरवताना घरातल्या सगळ्यांना विचारता येते, एवढे तरी यातून दिसते.

गेल्या काही वर्षांत मोबाइलने या सगळ्याची घडी बदलली. मालिका अ‍ॅपवर आल्या आणि साडेसातची सक्ती संपली. २०२० च्या टाळेबंदीतल्या रमजानमध्ये हे ठळकपणे दिसले. मशिदी बंद, तरावीह घरात, मालिकांचे चित्रीकरण थांबलेले, दूरदर्शनवर जुने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा लागलेले. त्या ‘महाभारता’चे संवाद राही मासूम रझा यांचे होते. त्याच काळात तुर्की ‘एर्तुग्रुल’ मोबाइलवर उर्दूत पाहणाऱ्यांची लाट आली. एरवी बायकांच्या मालिकांवर बोलणारे पुरुष तेव्हा पहाटेपर्यंत जागून त्याचे भाग संपवत होते. पाच पर्वे, मूळचे दीडशे भाग, एकेक भाग दोन-दोन तासांचा. त्याला कोणी वेड म्हटले नाही, इतिहास म्हटले.

आता सहेरीच्या आधी डाळ शिजेपर्यंत, किंवा दुपारी जोहरनंतर अंग टाकल्यावर, कानात इअरफोन घालून एक भाग पाहणारी बाई घरोघरी आहे. तिच्याविषयी दोन आक्षेप घेतले जातात. एक, रोजा ठेवून हे शोभते का? त्याचे उत्तर तिचे तिला द्यायचे आहे, आणि ते मागण्याचा अधिकार त्याला कमी आहे ज्याच्या हातात त्याच वेळी स्कोअरकार्ड आहे. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. अ‍ॅप थांबत नाही. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, आणि रमजानच्या शेवटच्या दहा रात्री, ज्या इबादतीसाठी जागायच्या, त्या पडद्यापुढे जागण्यात जाऊ शकतात. टीव्हीला निदान वेळापत्रक होते. अर्ध्या तासाने तो आपणच उठवून लावत असे. मोबाइलवर उठायचे ते स्वतःलाच, आणि इथे पुरुष, बाई, शाळकरी मूल असा भेद राहत नाही.

पण यात एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. ती पहाटे साडेतीनला मालिका पाहते ते तिला वेड आहे म्हणून नव्हे. बाकीच्या दिवसात ती सुटी नसते म्हणून. इफ्तारनंतर ताटे उचलणे आणि भांडी विसळणे यासाठी कोणतीही विशेष पात्रता लागत नाही. तरावीहला निघण्यापूर्वी घरातल्या दोन तरुण मुलांनी ते केले तर तिची तरावीह वेळेवर होईल, झोप चार तासांची पाच तास होईल, आणि पाहायचेच असेल तर साडेसातला चारचौघांत बसून पाहता येईल. टीव्ही महिनाभर बंद ठेवायचा असे ठरले तर तोही खुशाल ठेवावा. मग तो मॅचसाठीही बंद राहावा. असा निर्णय बायका आनंदाने पाळतील, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्या आजवर तो एकट्याने पाळत आल्या आहेत.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०३० मध्ये तर एक रमजान जानेवारीत येईल आणि दुसरा डिसेंबरअखेर सुरू होईल. तेव्हा इफ्तार सहाच्या पुढेमागे आटोपेल आणि सातच्या मालिकेला बाई मोकळी असेल, असे घड्याळ सांगते. घर काय सांगेल ते तेव्हा कळेल.

भिंतीशी होणाऱ्या गप्पा मात्र मोबाइलने कमी केल्या. काय झाले ते विचारण्याची गरज उरली नाही. उलट पैसे भरलेल्यांना अ‍ॅपवर उद्याचा भाग आजच दिसतो. त्यामुळे सहेरीला जागलेल्या भाभीला आज संध्याकाळी काय होणार ते सकाळीच ठाऊक असते, आणि काकू अजून साडेसातचीच वाट पाहत असतात. पाण्याला दोघी भेटल्या की काकू म्हणतात, ‘आज नक्की पकडली जाणार बघा ती.’ भाभी बादली उचलते आणि म्हणते, ‘बघू या काकू, काय होतंय ते.’