आधी ऊब, मग दूध

पावसाळा सुरू झाला की ओळखीपाळखीच्यांचे फोन येऊ लागतात. कुणाच्या पार्किंगमध्ये, कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या गच्चीवरच्या टाकीमागे मांजरीची पिल्लं सापडलेली असतात. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, नाळेचा सुकत आलेला तुकडा अजून पोटाला. फोन करणाऱ्याचा जीव कासावीस झालेला असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘दूध कुठलं देऊ?’ त्या प्रश्नातली माया मला कळते. पण पिल्लं जगवायची असतील तर दुधाचा नंबर तिसरा. आधी आई, मग ऊब आणि त्यानंतर दूध.

पिल्लं एकटी दिसली म्हणजे ती पोरकी झाली असं नसतं. आई खायला शोधायला गेलेली असते, किंवा जागा बदलताना एकेक पिल्लू तोंडात धरून नेत असते. कोकणातल्या आमच्या घरी भाटी कणगीमागे व्यायली की आजी आम्हा मुलांना तिकडे फिरकू देत नसे. ‘ती त्यांना सात घरं दाखवील, तुम्ही मध्ये पडू नका,’ म्हणायची. आजही याहून चांगला सल्ला माझ्यापाशी नाही. पिल्लं उबदार, शांत आणि पोटानं भरलेली असतील तर लांब जाऊन काही तास वाट पाहावी. भोवती पिठाची बारीक रेघ ओढून ठेवली, तर आई येऊन गेल्याचं पावलांवरून समजतं. पाणी शिरत असेल, कुत्री येत असतील तर पिल्लं जवळच्याच कोरड्या आडोशाला ठेवावीत, म्हणजे आईला ती सापडतात. माणसाचा हात लागला की मांजरी पिल्लांना टाकते, ही समजूत मनातून काढून टाकावी.

आईचा एवढा आग्रह का? कारण तिच्या चिकातून पिल्लाला रोगांशी लढायची ताकद मिळते आणि ती शोषून घेण्याची पिल्लाच्या आतड्यांची क्षमता जन्मानंतर साधारण एका दिवसातच संपते. ती वेळ परत आणता येत नाही.

आई खरंच येत नसेल, पिल्लं गार पडून सतत ओरडत असतील किंवा अंगावर मुंग्या चढल्या असतील, तर मात्र थांबू नये. पिल्लू उचलावं आणि सर्वांत आधी त्याचं अंग चाचपावं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, कुडकुडण्याचीही सोय त्याच्या शरीरात अजून नसते. अंग गार पडलं की आतड्यांचं काम मंदावतं, गिळण्याची शक्ती जाते. अशा पिल्लाला पाजलेलं दूध पोटात तसंच राहतं किंवा फुप्फुसात जातं. मायेनं पाजलेल्या त्या दुधानंच कितीतरी पिल्लं दगावतात.

म्हणून ओलं अंग टिपून पिल्लू आधी आपल्या कपड्यांच्या आत, छातीशी धरावं. खोक्यात जुनी सुती साडी अंथरून एका बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवावी. दुसरी बाजू मोकळी राहू द्यावी, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येतं. बाटली गार होताच बदलावी. ऊब हळूहळू, तासा-दोन तासांत द्यायची असते. घाईनं शेकलं तर कोवळी कातडी भाजते.

अंग नीट उबदार झालं की मग दूध. गाईचं दूध पिल्लांना बाधतं, जुलाब होतात. मांजरीच्या दुधात प्रथिनं त्याच्या जवळजवळ दुप्पट असतात. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, तीच वापरावी. नुकतीच व्यालेली दुसरी मांजरी मिळाली तर त्याहून उत्तम, बहुतेकदा ती परकी पिल्लंही जवळ घेते. दूध कोमट असावं. पिल्लू पोटावर पालथं ठेवून पाजावं, माणसाच्या बाळासारखं उताणं कधीही नाही. 100 ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी जेमतेम 4 मिलिलिटर दूध मावतं, म्हणून दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडं थोडं द्यावं लागतं. नाकातून दूध आलं तर लगेच थांबावं.

दूध पाजून काम संपत नाही. इतकी लहान पिल्लं आपली आपण शी-शू करू शकत नाहीत. आई चाटते तेव्हाच ते होतं. तिच्याऐवजी आपण कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं तिथे हलकेच पुसायचं, प्रत्येक पाजणीच्या वेळी. आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज ठरलेल्या वेळी वजन करायचं. जन्मावेळी 100 ग्रॅमच्या आसपास असलेलं पिल्लू रोज 10 ते 15 ग्रॅमनी वाढायला हवं. वजन एक दिवस जरी वाढलं नाही, तरी पशुवैद्य गाठावा. डोळ्यांना दिसण्याआधी आजार काट्यावर दिसतो. पिसवा झाल्या तर बारीक फणीनं काढाव्यात. मोठ्या जनावरांचं औषध लावू नये, त्यानं पिल्लू मरू शकतं.

एवढं सगळं करूनही काही पिल्लं जातात. ते दुःख खरं असतं, त्याची लाज वाटायचं कारण नाही. पण जे पिल्लू जगतं, त्याच्या आईचा विचार त्याच आठवड्यात सुरू व्हायला हवा. अंगावर पिल्लं असतानाच मांजरी पुन्हा गाभण राहू शकते आणि तिची मादी पिल्लं चार-पाच महिन्यांत वयात येऊ शकतात. पिल्लं दूध तोडून खाऊ लागली की वर्गणी काढून आईची नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्यावी. पोत्यात घालून पिल्लं बाजारात सोडून येणारे अजून आहेत. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यांना स्पष्ट सांगायला हवं. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा. गणपतीची वर्गणी गोळा करणारी आपली माणसं एका मांजरीच्या शस्त्रक्रियेचा खर्च नक्की उचलू शकतात.